उजव्या पायाची चप्पल

नाना खैरनारांची चप्पल रोज सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी पडायची.

आमच्या कंपनीची बस पंचवटी कारंजावरून सुटायची आणि रविवार कारंजा, त्र्यंबक नाका करत सातपूरला जायची. कारंजावर आम्ही पंधरा-वीस जण चढायचो. नाना सगळ्यांना आधी चढू द्यायचे. बायामाणसं, म्हातारे, तरणे, सगळे आत गेले की मग दाराचा दांडा धरून डावा पाय पायरीवर ठेवायचे, आणि उजवा पाय उचलताना त्या पायातली चप्पल रस्त्यावर राहायची. मग नाना पुन्हा खाली. चप्पल उचलायची, झटकायची, तिचा अंगठा ओढून बघायचा, उजेडाकडे धरून तळवा तपासायचा, जमिनीवर नीट ठेवायची आणि एखाद्या नवरदेवासारखा तिच्यात पाय घालायचा. या सगळ्याला एक मिनिट चाळीस सेकंद लागत. मी मोजले होते. मी कंपनीच्या टाइम ऑफिसमध्ये होतो आणि मोजणं हाच माझा धंदा होता.

"नाना, चप्पल!" आतून कोणीतरी ओरडायचं. बाकीचे हसायचे.

"अरे हो, पडली वाटतं," असं नाना म्हणायचे, जणू हे आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय.

मग कोणी म्हणायचं, "नाना, एक नंबर लहान घ्या ना!"

"पायाला हवा लागायला पाहिजे," नाना म्हणायचे. "आणि घाई कोनले शे?"

म्हणजे, घाई कोणाला आहे? नाना मूळचे सटाण्याकडचे. तीस वर्षं नाशकात काढून बाकी सगळी भाषा शहरी झाली होती, फक्त काही ठिकाणी 'आहे'च्या जागी 'शे' राहून गेलं होतं. सकाळी सव्वासहाला, अर्धवट झोपेत, सात वाजता कार्ड पंच करायला निघालेल्या वीस माणसांना हा गृहस्थ रोज विचारायचा, की घाई कोणाला आहे. आणि उत्तराची वाट न बघता इंजिनाच्या झाकणावर जाऊन बसायचा.

तीही एक तऱ्हाच. बसमध्ये जागा असली तरी नाना कधी सीटवर बसले नाहीत. ड्रायव्हरशेजारचं ते रेक्झिनचं गरम झाकण, त्यावर ते रस्त्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसत. उन्हाळ्यात तिथे पापड भाजला असता. मी एकदा विचारलं, "नाना, उलटं बसून चक्कर येत नाही?"

"पुढचा रस्ता युसूफ बघतो," ते म्हणाले. युसूफभाई आमचे ड्रायव्हर. "त्याला पगार शे त्याचा. मागची माणसं कोणी बघायची?"

माणसं ते खरंच बघायचे. कोणाचा डोळा सुजलाय, कोणी दाढी केली नाही, कोणी काल भांडून झोपलंय, हे त्यांना आरशात दिसावं तसं समोर दिसायचं. नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत, की ते मुद्दाम ठेवत नसत, कोण जाणे. ते डब्यांवरून माणसं ओळखायचे. "शेवभाजी आज गप्प का?" "मेथी, मुलीचा निकाल लागला ना?" मला मात्र ते 'टायमसाहेब' म्हणत. माझा डबा त्यांनी ओळखला नव्हता असं नाही. तो रोज भेंडीचा असायचा, आणि टाइम ऑफिसच्या माणसाला चारचौघांत भेंडी म्हणू नये एवढी त्यांना समज होती.

वाचायला त्यांच्याकडे पेपर असायचा, तो कालचा. "आजचा पेपर घाईत लिहिलेला असतो," ते म्हणायचे. "कालचा आज वाचला, की त्यातलं काय खोटं निघालं ते लगेच कळतं." मनगटावर चावीचं घड्याळ होतं आणि ते कायम तीन मिनिटं मागे असायचं. युसूफभाईंनी हॉर्न दिला की नाना ते त्यांच्या नाकासमोर धरायचे. "माझ्यात अजून सतराच झालेत." त्यांच्या कापडी पिशवीत सुई-दोरा, सेफ्टी पिना, बामची डबी, एक जास्तीचा चमचा आणि हंगामात सोललेल्या डाळिंबाचे दाणे असत. गावाकडे भावाची बाग होती. दाणे ते प्रत्येकाच्या तळहातावर मोजून नव्हे, ओंजळीनं ओतायचे. पांढऱ्या शर्टावर डाग पडला की सगळे त्यांच्या नावानं ओरडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात पुढे करायचे.

घरी ते एकटेच होते. हिरावाडीत एक खोली. लग्न झालेलं होतं, पण बायको दोन-तीन वर्षांतच गेली, तेही गावाकडे असताना. एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याहून जास्त कोणी विचारलं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मी हे सगळं नानांचं कौतुक करण्यापुरतं लिहायला बसलेलो नाही.

कंपनीच्या गेटवर पंचिंगचं यंत्र होतं. सातच्या आत कार्ड घातलं तर आकडे निळे उमटायचे. सात वाजून एक मिनिट झालं, की लाल. तीन लाल झाले की अर्ध्या दिवसाची रजा गेली. बस ठेकेदाराची होती, त्यामुळे बस उशिरा आली तरी लाल आकडा माणसाच्याच नावावर. आणि गेटच्या आत शिरल्याबरोबर एक काळा फळा होता. वर्षभरात ज्याच्या कार्डावर एकही लाल आकडा नाही, त्याचं नाव त्या फळ्यावर पांढऱ्या रंगानं रंगवलं जायचं. आठशे माणसांच्या कंपनीत त्या फळ्यावर दर वर्षी चार-पाच नावं असत. माझं सलग सहा वर्षं होतं.

आज हे सांगताना हसू येतं. पण त्या फळ्यासमोरून जाताना माझी चाल बदलायची. दुसऱ्यांच्या हजेऱ्या तपासणारा माणूस स्वतः एक मिनिटही चुकत नाही, यात मला फार मोठं काहीतरी वाटत असे. बायको म्हणायची, "तो फळा घरी आणून देवघरात लावा." मला ते टोमण्यासारखं वाटत नसे.

माझी बसमधली जागा ठरलेली होती. दाराजवळची पहिली सीट, उतरताना यंत्रापाशी पहिला पोचायला. तिथून मला नानांची चप्पल अगदी समोर दिसायची. ती पडली की त्या मधल्या वेळात कोणीतरी धापा टाकत बसमध्ये चढायचं. बहुतेक वेळा पॅकिंग खात्यातल्या लताबाई असत. त्यांच्या गल्लीत सहाला नळ यायचा. कधी आणखी कोणी. मला वाटायचं, बघा, या माणसाच्या ढिसाळपणामुळे उशिरा येणाऱ्यांचं फावतंय.

बसमध्ये नानांवर उघड तोंडसुख घेणारा एकच माणूस होता. कातकाडे. मशीन शॉपचे, शेवटच्या सीटवर खिडकीशी बसणारे, आवाज असा की रविवार कारंजाला उठलेलं कबुतर थेट सीबीएस स्टँडवर बसावं. "नाना, ही चप्पल एक दिवस गोदावरीत सोडतो बघा! श्राद्ध घालतो तिचं!" हे रोज. नाना खूश व्हायचे. "सोडा, सोडा. जोडीनं सोडा." आणि डाळिंबाची पहिली ओंजळ कातकाडेंनाच. मी मात्र कधी काही बोललो नाही. मी पहिल्या सीटवर बसून हसायचो. आमच्या बसमध्ये सभ्य माणूस म्हणून माझं नाव होतं.

सातव्या वर्षी, डिसेंबरात, वर्ष संपायला एकोणीस दिवस राहिले असताना, नानांची चप्पल बसच्या चाकाखाली गेली.

नेहमीसारखी पडली, पण थंडीत रस्ता दवानं ओला होता, ती घसरली, आणि बस उतारावर जराशी मागे सरकली. चाक बरोबर तिच्यावर बसलं. बस पुढे घ्यावी तर समोर हातगाडी, मागे घ्यावी तर मागे मार्केट यार्डाला निघालेला टोमॅटोचा ट्रॅक्टर. थोड्या वेळानं हातगाडीवाला बाजूला झाला, तरी नाना दार सोडून खालीच उभे.

मी खिडकीतून ओरडलो, "नाना, अनवाणी चला ना! संध्याकाळी नवी घ्या!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गल्लीकडे बघितलं. "एवढी काढून घेतो, टायमसाहेब."

काढायला सात मिनिटं गेली. तेवढ्यात लताबाई आल्या, हातातली पाण्याची ओल पदराला पुसत. मग युसूफभाईंनी बस पळवली, पण त्र्यंबक नाक्याला सिग्नल लागला. मी सगळ्यात पुढे धावलो. कार्ड घातलं. सात वाजून दोन मिनिटं. लाल.

तो आकडा मीच महिनाअखेरीस माझ्या हातानं रजिस्टरात चढवला. जानेवारीत फळ्यावर चार नावं होती. पेंटरनं माझ्या नावाची जागा मोकळीही ठेवली नव्हती. चार नावं ऐसपैस लिहून टाकली होती.

त्याच आठवड्यात मी एक निनावी तक्रार लिहिली. डाव्या हातानं, मोठी मोठी अक्षरं काढून, बायको देवळात गेलेली असताना. खाली लिहिलं, 'एक त्रस्त कामगार'. मजकूर मला आजही पाठ आहे. 'सदर इसम रोज बस सुटतेवेळी आपल्या उजव्या पायातील चप्पल मुद्दाम पाडतो व बसचा खोळंबा करतो.' मुद्दाम हा शब्द मी वजन यावं म्हणून घातला. तो खोटा आहे हे मला माहीत होतं. कोणता माणूस रोज स्वतःची चप्पल स्वतः पाडेल?

नानांना मोठ्या साहेबांनी बोलावलं. तक्रार वाचून दाखवली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, साहेब, चप्पल सैल आहे, उद्यापासून बूट घालतो. विषय संपला असता. नाना म्हणाले, "हो. मुद्दाम पाडतो."

साहेब चक्रावले. "का?"

"सवय शे."

नानांचा बसचा पास रद्द झाला.

हे कळलं तेव्हा मला धक्का बसला. मला वाटलं होतं, समज देतील. पण मी स्वतःची समजूत काढली, की स्वतःच कबूल झाला ना? साधा माणूस, विचारलं ते हो म्हणाला, त्याला मी काय करू.

नानांनी सायकल काढली. वय छप्पन्न. पंचवटी ते सातपूर नऊ किलोमीटर, आणि जाताना चढ. आम्हाला वाटलं, ते पहाटेच निघत असतील. पण पहिल्याच सोमवारी सहा वीसला आम्ही सगळे चढलो, युसूफभाईंनी गिअर टाकला, आणि बससमोर सायकल आडवी. नाना खाली बसलेले.

"काय झालं, नाना?"

"चेन पडली."

सगळी बस हसली. युसूफभाई हात वर करून म्हणाले, "अब क्या करू? माणूस आडवा आहे." नानांनी सावकाश चेन बसवली, हात फडक्याला पुसले, पायडल उलटं फिरवून बघितलं. तेवढ्यात लताबाई आल्या. नानांनी सायकल बाजूला घेतली आणि बसला हात केला. जणू झेंडा दाखवणारा गार्ड.

ती चेन पुढची चार वर्षं पडत राहिली. रोज नाही. पण आठवड्यातून तीनदा तरी. ठेकेदाराच्या माणसानं एकदा हरकत घेतली, तर नाना म्हणाले, "रस्ता सरकारी शे, सायकल माझी शे. चेनला पास लागतो का?" मी पहिल्या सीटवरून काचेतून बघत असायचो. मला वाटायचं, हा सूड आहे. पास काढून घेतला म्हणून माणूस आपल्याला खिजवतोय. खरं सांगतो, मला त्यानं बरंच वाटायचं. समोरच्यानं सूड घेतला की आपला अपराध जरा हलका होतो.

पण बस निघून गेल्यावर सायकलवर बसलेला माणूस सातपूरला सातच्या आत पोचत नाही. नानांच्या कार्डावर चार वर्षं लाल आकडे उमटत होते. आणि ते मोजून त्यांच्या रजा कापणारा माणूस मी होतो.

तक्रार कोणी केली, याचा निकाल बसनं पहिल्याच दिवशी लावला होता. कातकाडे. दुसरं कोण? रोज तोच तर ओरडायचा. कातकाडे शपथा घेत होते. आधी चिडून, मग हसून, मग हळू आवाजात. नाना स्वतः सगळ्यांना सांगत, "कातकाडेनं नाही लिहिली, मला माहीत शे." यावर लोक म्हणत, बघा, केवढं मन. नाना जितकं सांगत तितके कातकाडे जास्त दोषी ठरत. शनिवारी बसमध्ये भेळभत्त्याचा पुडा फिरायचा, तो शेवटच्या सीटच्या अलीकडून परत वळायला लागला. कातकाडेंचा तो आवाज बंद झाला. रविवार कारंजाची कबुतरं स्वस्थ बसू लागली.

एकदा शेजारच्यानं मला विचारलं, "साहेब, तुम्हाला काय वाटतं, कातकाडेच ना?"

मी मान हलवली.

लिहिलेल्या चिठ्ठीपेक्षा मला ती मान जास्त छळते. चिठ्ठी रागात लिहिली होती. मान हलवताना मी अगदी शांत होतो.

नाना निवृत्त झाले, मग कातकाडे, मग मी. माझ्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी कारंजावर उतरलो. सगळे गेल्यावर युसूफभाईंनी मला थांबवलं.

"साहेब, आज तुमचा आखरी दिवस, म्हणून सांगतो. नानांची चप्पल पडत नव्हती. पाडत होते."

"म्हणजे?"

"तुमची मिसेस हॉस्पिटलात होती, आठवतं? ऑपरेशन झालं होतं. तुम्ही त्या महिन्यात रोज दिंडोरी नाक्याकडून पळत यायचे. शर्टची बटणं उघडी, हातात डबा. मला ऑर्डर होती, कुणासाठी थांबायचं नाही, थांबलो तर ठेकेदार काढून टाकेल. पहिल्या दिवशी मी गिअर टाकला, तर नाना म्हणाले, युसूफ, कुणासाठी थांबू नको. चप्पलसाठी थांब. आणि पाडली. त्या दिवसापासून सुरू झालं. मग ज्याला ज्याला उशीर, त्याच्यासाठी."

युसूफभाईंनी इंजिन बंद केलं.

"मोठ्या साहेबांनी विचारलं, का पाडतो, तर नानांनी नावं नाही सांगितली. लताबाईचं नाव आलं असतं. तुमचं पण."

तो महिना मला चांगला आठवत होता. सकाळी उठून दोन माणसांचं रांधायचं, एक डबा हॉस्पिटलात देऊन धावत सुटायचं. रोज बस मिळायची. मला वाटायचं, माझे पाय अजून तरुण आहेत. त्या महिन्यात नाना रोज उतरताना एक छोटी डबी हातात द्यायचे, "वहिनींना." सोललेले डाळिंबाचे दाणे. त्या वर्षीही माझं नाव फळ्यावर लागलं होतं. म्हणजे तो फळाही नानांच्या चपलेवर उभा होता. आणि माझ्या तक्रारीत मी खोटा म्हणून घातलेला जो एकच शब्द होता, तो तेवढा खरा निघाला.

यानंतर मी लगेच नानांकडे जायला हवं होतं. गेलो नाही. पंधरा वर्षं गेलो नाही. हिरावाडी माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. नाना भाजीबाजारात भेटत, "काय टायमसाहेब, किती वाजले?" म्हणत, मी वेळ सांगे आणि निघे.

गेल्या महिन्यात कातकाडे गेले.

दशक्रियेला घाटावर आम्ही जुने पाच-सहा जण होतो. युसूफभाईही टोपी काढून मागे उभे होते. नाना पुढे. विधी झाला, पिंड ठेवला, सगळे बाजूला सरकून उभे राहिले. कावळा शिवेना.

झाडावर सात-आठ कावळे होते. बघत होते, पण खाली येत नव्हते. घाटावर अशा वेळी जे होतं ते सुरू झालं. गेलेल्या माणसाचं काय राहिलं असेल, याचा शोध. मुलगा हात जोडून म्हणाला, "अण्णा, आईला मी सांभाळीन." नाही. जावई म्हणाला, "घराचं काम पुरं करू." नाही. कोणीतरी पिंडाशेजारी चहा ठेवला, कोणी भजी आणून ठेवली, कोणी म्हणालं तंबाखू ठेवा. पुतण्यानं टीव्हीवरची क्रिकेटची मॅच पूर्ण बघायची राहिली होती असं सांगून तिचा निकालही मोठ्यानं सांगितला. कावळे बसून होते.

ऊन चढायला लागलं. मला समोरचं काही दिसत नव्हतं. फक्त शेवटच्या सीटच्या अलीकडून परत फिरणारा भेळभत्त्याचा पुडा दिसत होता. नाना झाडाकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

मी पुढे झालो. काठी खाली ठेवली, हात जोडले. आवाज जरा जास्तच मोठा फुटला.

"कातकाडे, ती चिठ्ठी तुम्ही लिहिली नव्हती. मी लिहिली होती."

कावळा ताबडतोब खाली आला, असं लिहिता आलं असतं तर गोष्ट किती छान झाली असती. पण मी इथे खरं लिहायला बसलोय. कावळा आला नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले, आणि वर फांदीवर एक कावळा चोच घासत बसला.

कातकाडेंचा मुलगा पन्नाशीचा आहे. तो म्हणाला, "काका, अण्णा शेवटपर्यंत म्हणायचे, मी नाही लिहिली." मग म्हणाला, "आम्ही म्हणायचो, जाऊ द्या ना आता." आणि त्यानं तोंड फिरवलं. त्याची चूक नव्हती. त्यानं तोंड फिरवलं हे बरोबरच होतं.

तेवढ्यात नानांचा आवाज आला. "येईल तो. घाई कोनले शे?"

वीसएक मिनिटांनी कावळा आला. आधी भजी खाल्ली, मग पिंडाला शिवला. माझ्या बोलण्यानं आला की भज्यांनी, ते मला सांगता येणार नाही.

परतताना नाना माझ्या शेजारून चालत होते. माझा गुडघा गेलेला आहे, त्यामुळे चाल हळू. त्यांनी तीच चाल धरली होती. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पण पाय अजून सायकलवाल्याचे.

"तुम्हाला आश्चर्य वाटलं नाही," मी म्हणालो.

"कशाचं?"

"मी लिहिली याचं."

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. साहेबांनी वाचून दाखवलं ना." नाना चालता चालता म्हणाले. "उजव्या पायातील चप्पल. बसमधल्या सगळ्यांना माहीत होतं, चप्पल पडते. कुठल्या पायातली ते कोणाला माहीत? ते बघायला पहिल्या सीटवर बसावं लागतं. आणि 'सदर इसम' असं कोण लिहितं? टाइम ऑफिसच लिहितं."

मी थांबलो. "मग बोलला का नाहीत? चार वर्षं सायकल मारलीत."

"बोलून काय, तुम्हाला सायकलवर बसवायचं?" ते हसले. मग म्हणाले, "कातकाडेचं मात्र वाईट झालं. मी सांगून बघितलं लोकांना. तुमचं नाव घेतल्याशिवाय पटत नव्हतं कोणाला. दोन-चारदा वाटलं, घ्यावं. नाही घेतलं. ते माझंही चुकलंच."

माफी मागायची म्हणून मी पंधरा वर्षं जुळवून ठेवलेली वाक्यं होती. त्यातलं एकही उपयोगी पडेना. मी भलतंच विचारलं.

"नाना, पण कशासाठी? लोक उशिरा येतात, त्यांची बस सुटते. सुटते तर सुटते."

नाना म्हणाले, "माझी एकदा सुटली होती. सटाण्याची. मी पळत होतो, कंडक्टरनं बघितलं पण, आणि घंटी दिली. पुढची गाडी चार तासांनी होती."

"मग?"

"मग काय. पोचलो ना." त्यांनी मनगटावरच्या घड्याळाला उगाच चावी दिली. "घाई करून काही उपयोग नव्हता तोवर."

त्यांची बायको गावाकडे असताना गेली होती, हे मला तेव्हा आठवलं. आम्ही कारंजापर्यंत तसेच चालत गेलो. मनात एवढंच येत होतं, की या माणसाला रोज सकाळी वीस माणसांचं तोंड बघायला मिळायचं, तेवढंच त्याचं घरदार होतं, आणि मी ते एका लाल आकड्यासाठी काढून घेतलं होतं.

कारंजाच्या अलीकडेच शहर बस आमच्या शेजारून पुढे गेली आणि थांब्यावर उभी राहिली. नवी बस, दार आपोआप मिटणारं. अंतर पन्नास पावलांचं असेल. माझ्या गुडघ्याला ते एक किलोमीटर.

"जा नाना, तुम्ही पकडा," मी म्हणालो. "मी पुढच्या बसनं येतो."

नाना झपझप पुढे गेले. दारापाशी पोचले, दांडा धरला, डावा पाय आत ठेवला. ड्रायव्हर ओरडला, "आजोबा, चला लवकर, दार लावायचंय!"

हल्ली नाना चप्पल घालत नाहीत. पुतणीनं त्यांना पट्ट्याचे सँडल घेऊन दिलेत, पडू नयेत म्हणून, घट्ट, बकलाचे.

नानांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग ते सावकाश खाली वाकले आणि उजव्या पायाचं बकल सोडायला लागले.

मी काठी टेकत चालत राहिलो. धावलो नाही.